परतीच्या वाटेवरचा गस

गसला घरी आणून पाच आठवडे झाले होते, आणि एवढ्या दिवसांत एनोस हर्शबर्गरला एकच गोष्ट पक्की कळली होती, ती ही की आपल्याला काही कळत नाही. घोडा जाताना शहाण्यासारखा जाई. येताना कधी शहाण्यासारखा येई, आणि कधी असा येई की बग्गीची चाकं रस्त्याला टेकतायत की नाही अशी शंका यावी. कुठल्या दिवशी कसा येईल याचा मात्र शेंडाबुडखा सापडत नव्हता.

दुसऱ्या कुणाला हे पुरलं असतं. पण एनोस नालबंद होता. ओहायोच्या त्या टापूत कुणाच्याही घोड्याचं बिनसलं की आधी एनोसला निरोप जाई. तो खूर हातात घेई, दोनदा खालीवर बघे आणि घोड्याला काय खुपतंय ते सांगे. त्याचं बहुतेक खरं ठरे. आणि आता त्याच्याच दारातल्या घोड्याने त्याला भंडावून सोडलं होतं. लोकांना सांगायचीही चोरी होती.

घोडा घेतला होता तो लोविनासाठी. दोन वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, त्याची बायको लोविना आईकडून एकटीच परत येत होती. मोटार न चालवणाऱ्या आमिश पंथाच्या लोकांची काळी बग्गी, मागे सावकाश वाहनाचा नारिंगी त्रिकोण, सगळं नियमाप्रमाणे. स्टुट्झमनच्या टेकडीवर त्यांची म्हातारी घोडी डॉली पाय ओढत चढली, माथ्यावरून जेमतेम उतरायला लागली, आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला ती दिसलीच नाही. डॉली तिथेच गेली. लोविनाच्या खांद्याचं हाड मोडलं. हाड सहा आठवड्यांत जुळलं, पण त्यानंतर तिने लगाम हातात घेतला नाही. नवऱ्याशेजारी बसे, शेजाऱ्यांच्या बग्गीत मागे बसे, पण हाकायचं नाव काढलं की तिला स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवे.

या उन्हाळ्यात तिची आई पडली आणि अंथरुणाला खिळली. आई सहा मैलांवर. आठवड्यातून तीनदा जायला हवं. दर वेळी कुणाकडे तरी तोंड वेंगाडायचं, नाहीतर एखाद्या इंग्लिश माणसाची मोटार ठरवायची. समाजाबाहेरच्या सगळ्यांनाच ते इंग्लिश म्हणत. लोविना कुरकुर करणारी बाई नव्हती. पण एका संध्याकाळी बटाटे सोलता सोलता ती म्हणाली, "माझी आई मला हाक मारते आणि मी दुसऱ्याच्या घोड्याची वाट बघत बसते." एनोसच्या ते फार जिव्हारी लागलं. तो दुसऱ्याच दिवशी घोडा शोधायला निघाला.

जत्रेच्या मैदानावर मर्ल बॅनिंगचा तबेला होता. मर्ल शर्यतीचे घोडे तयार करी. त्या शर्यतीत घोड्यावर कुणी बसत नाही. घोड्यामागे दोन चाकांची हलकी गाडी असते आणि तीत हाकणारा पाय फाकून बसतो. असले घोडे म्हातारे झाले, किंवा म्हातारे न होताच मागे पडायला लागले, की आमिश लोक ते घेत. साजाची सवय असते, मोटारींना घाबरत नाहीत, तासन्तास दुडक्या चालीने जातात. यात नवीन काही नव्हतं. गस नऊ वर्षांचा होता, मानेवर आयाळीखाली गोठवून उठवलेले पांढरे आकडे, स्वभाव गरीब. शर्यतीत त्याचं नाव 'गुडबाय गस' होतं. शर्यतीतलं ते तोऱ्याचं नाव चर्चच्या लोकांपुढे घेण्यासारखं नव्हतं म्हणून नुसता गस झाला. एनोसने त्याला मैदानाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर दोन मैल हाकून बघितलं. सोन्यासारखा घोडा.

पहिल्यांदा तो धान्याच्या गिरणीवरून परतताना सुटला. एनोस पोत्यांवर पडता पडता वाचला. लगाम ओढावा तर घोडा आणखी ताणून जाई. घराच्या फाटकाशी आल्यावर मात्र आपणहून थांबला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने उभा राहिला. लोविना ओसरीवरून बघत होती. ती आत गेली.

मग रविवारी चर्चला गेले. त्यांची प्रार्थना आळीपाळीने घरोघरी होई, त्या वेळी ती पेरी मास्टच्या घरी होती. जाताना शांत, येताना शांत. किराणा दुकानाला गेले, तिथूनही शांत. एनोसला वाटलं गिरणीचा वास असेल. मग सासूबाईंकडे गेला, तर येताना पुन्हा तेच वादळ. सासूबाईंकडे तर कसला वास नव्हता. एनोसने लगामाची तोंडातली कडी बदलली, झापडं बदलली, चारही नाल काढून नवे ठोकले. निघण्याआधी पोटभर ओट घातले, मग एकदा मुद्दाम उपाशी नेला. कशाचा कशाशी मेळ लागेना. पेरी मास्टला आयतं खाद्य मिळालं. तो म्हणाला, "एनोस, तुझा घोडा आपल्यापेक्षा धार्मिक दिसतो. चर्चहून येताना बघ कसा नम्र असतो. एवढा पश्चात्ताप मी कुणाला करताना पाहिला नाही." सगळे हसले. एनोसही हसला, पण त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

शेवटी लोविनानेच तोंड उघडलं. "तो जातो तसा परत येईल तेव्हा मी बसेन," ती म्हणाली. "नाहीतर गुरुवारच्या लिलावाला ने त्याला. मला रोज फाटकाकडे डोळे लावून बसायचं नाही."

लिलावात सुटणाऱ्या घोड्याला कोण घेतं हे एनोसला ठाऊक होतं. मागच्या रांगेत दोन माणसं उभी असत, त्यांचा लांब ट्रक बाहेर लावलेला असे, आणि त्या ट्रकमधले घोडे पुन्हा कुणाच्या बग्गीला लागत नसत. आणि घोडा विकला तरी लोविनाचा प्रश्न तिथेच राहणार होता. दुसरा घोडा येईल, त्यातही ती काहीतरी बघेल. गसवरचा तिचा भरवसा आता उडाला तर ती पुन्हा कधीच लगाम हातात घेणार नाही, असं एनोसला आतून वाटत होतं. हे तिला कसं सांगायचं ते मात्र कळत नव्हतं.

सोमवारी मर्लकडे नाल ठोकायचं काम होतं. एरवी तो अवजारांसाठी मोटार ठरवी. त्या दिवशी पेटी बग्गीत टाकून गसलाच जुंपून निघाला. दोन घोड्यांचे खूर तासून झाल्यावर त्याने मर्लला सगळं सांगितलं. सांगताना त्याला लाज वाटत होती. नालबंदाने घोडा समजावून घ्यायला दुसऱ्याकडे जावं हे काही बरं दिसत नाही.

मर्ल बादलीवर बसून कॉफी पीत होता. सत्तरीचा माणूस, तोंडात कायम काडी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू त्याला वळवतोस कुठे?"

"कुठे म्हणजे?"

"गिरणीवर. परत निघताना."

"तिथेच, अंगणात. लगाम ओढून. सगळे वळवतात तसा."

"आणि सासूकडे?"

"तिच्याही अंगणात. गल्ली पुढे बंद आहे."

"चर्चला?"

"तिथे वळवत नाही. घोडा सोडून तबेल्यात बांधतो. जेवणं झाली की पुन्हा जुंपतो, तेव्हा बग्गीचं तोंड रस्त्याकडेच असतं."

"आणि दुकानात?"

"तिथे एका फाटकातून आत, दुसऱ्यातून बाहेर."

मर्लने कप खाली ठेवला आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला, काडी पडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एनोस हातोडी हातात धरून तसाच उभा. आपण काय विनोद केला ते त्याला उमगेना.

"वीस वर्षं," मर्ल म्हणाला. "वीस वर्षं तू या तबेल्यात येतोयस. एकदा तरी मान वर करून मैदानाकडे बघितलंयस का रे?"

एनोसने बघितलं नव्हतं. कसं बघणार? तो पहिल्यांदा इथे आला तेव्हा त्याच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, खूर तासणं हे इमानाचं काम आहे, पण शर्यत आणि तिच्यावर लागणारा पैसा हे जगाचं काम आहे, तिकडे तुझी पाठ असू दे. एनोसने ते अक्षरशः पाळलं. तो बाकडं असं लावी की मैदान बरोबर पाठीमागे येई. टापांचा आवाज ऐकू येई, तेवढाच. त्याचा त्याला थोडा अभिमानही होता. आज मात्र मर्लने त्याला दंडाला धरून कठड्याशी नेलं.

मैदानावर पाच-सहा घोडे गाड्या ओढत सावकाश चालले होते, बाहेरच्या कठड्याला धरून. एका गाडीत एक बाई मांडीवर कुत्रं घेऊन बसली होती.

"हे सगळे उलटे चाललेत," मर्ल म्हणाला. "घड्याळाच्या काट्यासारखे. सराव सगळा उलटा. दोन मैल, तीन मैल, निवांत. मग वळवायचं. एकदा तोंड वळवलं की घोड्याला कळतं, खेळ संपला, आता कामाला लागा. शर्यत कायम सुलटी."

"हे त्याला शिकवतं कोण?"

"कुणी नाही. रोज तेच चाललेलं असतं. गसने सात वर्षं दुसरं काही केलंच नाही. तुझ्या त्या गिरणीपर्यंत तो उलट्या फेरीवर असतो. अंगणात तू त्याला वळवतोस. मग तो बिचारा काय करणार?"

एनोसला हे पटकन पचेना. इतकं सोपं? पाच आठवडे, चार नाल, तीन कड्या, आणि उत्तर इथे, त्याच्या पाठीमागे होतं. त्याने विचारलं, मग घेतानाच सांगितलं का नाही? मर्ल खरोखरच गोंधळला. म्हणाला, हे कुणाला सांगावं लागतं हेच कधी सुचलं नाही.

मग आता आलाच आहेस तर बघ, म्हणत मर्लने त्याला सगळंच दाखवलं. ती जाते ती दुडकी चालणारी घोडी, पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकदम टाकते. गस त्याच जातीचा. तो पलीकडचा एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो, म्हणून होडीसारखा डुलतो, त्याच्या पायांना ते पट्टे त्यासाठीच. दोघांची शर्यत वेगळी. सुरुवातीला पुढे एक मोटार असते, तिला दोन्ही बाजूंना पंखांसारखी फाटकं. घोडे त्या फाटकामागे धावत येतात, मग मोटार निघून जाते. मैलाला दोन मिनिटं. एनोसने मध्येच विचारलं, घोडा चौखूर उधळला तर?

"तर मेला," मर्ल म्हणाला. "चौखूर पळायला बंदी. पळाला की मागे ओढायचं, बाकीच्यांना पुढे सोडायचं, चाल पुन्हा जागेवर आणायची. तोवर शर्यत गेलेली असते."

म्हणजे पळणारा प्राणी घ्यायचा, त्याला पळू द्यायचं नाही, आणि तरी कोण पुढे जातो ते मोजायचं. एनोसला गंमत वाटली. असला नियम खरं तर आपल्या लोकांनी काढायला हवा होता, इंग्लिश लोकांना कसा सुचला कोण जाणे.

"बसतोस?" मर्लने विचारलं.

एनोस नाही म्हणणार होता. नाही म्हणण्याची त्याची पूर्ण तयारी होती. पण घोडा स्वतः बघितल्याशिवाय लोविनाला काय सांगणार, असा एक विचार मनात आला आणि तो विचार त्याला भलताच सोयीचा वाटला. मर्लने गसला दोन माणसांच्या सरावगाडीला जुंपलं. एनोस सस्पेंडरचे पट्टे सारखे करत शेजारी बसला. पहिले दोन मैल उलटे, कठड्याला धरून, गस जवळजवळ पेंगत होता. मर्ल हवापाण्याचं बोलत होता. मग त्याने उजवा लगाम थोडासा ओढला, गस वळला, आणि वळता वळता त्याचे कान पुढे झाले, पाठ खाली आली, मान लांब झाली.

त्यानंतरचं एनोसला नीट सांगता आलं नसतं. माती तोंडावर येत होती. चारही पाय ठरल्या जागी, ठरल्या वेळी पडत होते, एकही चुकत नव्हता, आणि तरी कठड्याचे खांब एकमेकांत मिसळायला लागले होते. घोडा उधळला नव्हता. घोडा काम करत होता. गेले पाच आठवडे त्याला जे वेड वाटत होतं ते वेड नव्हतंच. पहिल्याच वळणावर एनोसची गवती टोपी उडाली. कुणीतरी मोठमोठ्याने हसत होतं, आणि ते आपणच आहोत हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

गाडी थांबली आणि तो उतरला. टोपी मैदानात कुठेतरी घोड्यांच्या पायांखाली गेली होती. मर्लने हळूच विचारलं, कसं वाटलं? एनोस म्हणाला, कळलं. एवढंच म्हणाला. बाहेर पडताना त्याने बग्गी वळवली नाही, मागच्या फाटकातून लांबचा वळसा घेतला. गस संतासारखा घरी आला. एनोसच्या डोक्यात मात्र सगळा गोंधळ होता. घोडा उलगडला होता, आणि आता त्याला स्वतःचंच काही उमजत नव्हतं. शेहेचाळीस वर्षांत आपण एवढ्या मोठ्याने हसलो होतो का कधी? आणि ते पाप म्हणायचं, की नुसती हवा लागली म्हणायचं?

लोविना अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. "टोपी कुठाय?" तिने विचारलं.

"वाऱ्याने उडाली," तो म्हणाला.

तिने त्याला जुनी टोपी आणून दिली. मग त्याने उलट्या-सुलट्या फेरीचं सगळं सांगितलं, आपण गाडीत बसलो तेवढं सोडून. लोविनाने चादरीची घडी टोपलीत ठेवली.

"म्हणजे तो बेशिस्त नाही," ती म्हणाली.

"नाही. फारच शिस्तीचा आहे."

"इतके दिवस आपणच त्याला पळ म्हणून सांगत होतो."

"हो."

बुधवारी दोघं सासूबाईंकडे गेली. निघताना एनोसने तिला दाखवलं: अंगणात घोडा सोडायचा, त्याला हाताने चालवत आडोशाला न्यायचं, बग्गी आपण ढकलून फिरवायची, मग घोडा आणून जुंपायचा. दहा मिनिटं जातात. परतताना गस गोगलगायीसारखा आला. स्टुट्झमनच्या टेकडीवर लोविनाने त्याचा दंड घट्ट धरला. त्याने बघितलं तर तिने डोळे मिटून घेतले होते. माथा ओलांडून पार खाली ओढ्यापर्यंत आल्यावरच तिने ते उघडले. दोन वर्षं ती त्या टेकडीवरून डोळे मिटून जात होती हे एनोसला त्या दिवशी कळलं. गुरुवार आला आणि गेला. लिलावाचं नाव कुणी काढलं नाही.

पुढच्या मंगळवारी तो भट्टीशी काम करत असताना लोविना काळं बॉनेट बांधून आली आणि म्हणाली, मी आईकडे जाते. एकटी. एनोसने हातोडी खाली ठेवली. फक्त घोडा सोडून मग वळवायचं हे पुन्हा एकदा सांगितलं. तिने मान हलवली.

दुपारी तो तिसऱ्यांदा फाटकापर्यंत जाऊन आला होता. चौथ्यांदा गेला तेव्हा त्याला टापा ऐकू आल्या. त्या टापा त्याला ओळखू येत होत्या. बग्गी टेकडीच्या बाजूने येत होती आणि गसची मान लांब झालेली होती. एनोस धावत सुटला. सुटला तो घोडा, विसरली ती, आता फाटकावर आदळते, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण फाटकाच्या अलीकडेच लगाम आखडला गेला, गस दुडकीवरून चालीवर आला आणि बेताने आत येऊन थांबला. लोविनाचं बॉनेट मागे पाठीवर पडलं होतं, आणि केसांच्या बटा सुटल्या होत्या.

"कुत्रं लागलं मागे?" एनोसने विचारलं.

"नाही."

"मग अंगणात वळवला कुणी?"

"मी."

"सोडायला विसरलीस?"

"विसरले नाही."

एनोस तिच्याकडे बघतच राहिला. पाच आठवडे घोड्यावर डोकं फोडलं, आता ही. ज्या एका गोष्टीपायी ती घोडा विकायला निघाली होती तीच तिने आपण होऊन केली होती.

लोविना खाली उतरली. "टेकडी आली, मी डोळे मिटणार होते," ती म्हणाली. "मिटायच्या आत ती मागे पडली. मी मागे वळून बघितलं, एनोस. नुसती टेकडी आहे. वर एक जंगली सफरचंदाचं झाड आहे." मग ती रडायला लागली. एनोसने लगाम घेतला. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत बायकोला जवळ घेण्याची त्यांच्यात रीत नव्हती. त्याने घोडा मध्ये असा उभा केला की रस्त्यावरून काही दिसू नये, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला, मोडलेल्या हाडाच्या खांद्यावर. आपणही त्या दिवशी गाडीत बसलो होतो, आपणही हसलो, हे आता सांगून टाकावं असं त्याला वाटलं. पण सुरुवात कुठून करावी ते कळेना.

लोविनाने एप्रनच्या टोकाने डोळे पुसले आणि बॉनेट सारखं केलं. "दर वेळी नाही करणार," ती म्हणाली. "आणि पेरीला कळता कामा नये. याला आधी फिरव, लगेच पाणी देऊ नकोस." ती घराकडे निघाली, आणि दोन पावलांवर थांबली.

"त्या सोमवारी वारा नव्हता, एनोस," ती म्हणाली. "मी दिवसभर कपडे वाळत घालत होते. चादरी दोरीवर जागच्या हलल्या नाहीत."

एवढं बोलून ती आत गेली. एनोसचा हात आपोआप डोक्यावरच्या जुन्या टोपीकडे गेला. मग त्याने गसला अंगणात फिरवायला सुरुवात केली.